पीएचडीसाठी बाहेर? आधी कुलूप लागलेल्या घराचं सांगते

तुझा मेसेज मागच्या आठवड्यात आला. इथे नेदरलँडमध्ये पेपर तपासणं चालू होतं, म्हणून उत्तराला उशीर. तुझं सांख्यिकीत एमएस्सी झालं, धाकटा भाऊ नागपूरच्या व्हीएनआयटीत स्थापत्यचं एमटेक करून राहिला आणि दोघांनाही पीएचडीला बाहेर यायचंय. देश कोणता, पैसे किती, प्रोफेसरला मेल कसा करायचा, परत येता येतं का, हे तू विचारलंस. आणि सगळ्यात शेवटी, जरा घाबरत, "ताई, सर्व्हेसारख्या विषयाला तिकडे काही किंमत आहे का, का डेटा सायन्सच घेऊ?" आईने भिशीत तुझ्या आईला शब्दच देऊन टाकलाय की माझी पोरगी सगळं सांगेल. आता सांगणं आलंच.

त्या शेवटच्या प्रश्नापासूनच सुरू करते.

एमएस्सीनंतर दीड वर्ष मी नागपुरात एका खासगी संस्थेसाठी घरोघरी सर्व्हे केला. मे महिना, डोक्याला ओढणी, हातात पॅड आणि निवडलेल्या घरांची यादी. नियम असा की यादीतलं घर बंद असलं तर वेगवेगळ्या वेळी पुन्हा जायचं, तरी नाहीच भेटलं कोणी तर "घर बंद" अशी नोंद करायची. आमचा सुपरवायझर म्हणायचा, "काहून उन्हात फिरून राहिले? शेजारचं भरून टाका ना." आम्ही भरत होतो. मीही भरले. पंधरा दिवसांनी फॉर्म चाळताना माझ्या लक्षात आलं की आमच्या वस्तीत नोकरी करणाऱ्या बाया जवळजवळ नाहीतच! असतील कशा? दुपारी बारा वाजता ज्या घराला कुलूप असतं, त्या घरची बाई कामावर असते. दार उघडणाऱ्या शेजारच्या घरी रिटायर्ड काका नाहीतर काकू. आम्ही नुसती घरं बदलली नव्हती, उत्तरच बदललं होतं. तेव्हापासून मी रजिस्टरच्या मागच्या पानावर लिहून ठेवू लागले: कोणत्या घराच्या जागी कोणतं घर भरलं, कितव्या फेरीला, किती वाजता.

नेदरलँडच्या पीएचडीच्या मुलाखतीत माझ्या गाइडने पहिलाच प्रश्न विचारला, घर बंद असलं की तुम्ही काय करायचात? पुस्तकातलं उत्तर मला पाठ होतं. पण मी खरं सांगितलं, आणि ते मागचं पान कॅमेऱ्यासमोर धरलं. पुढचा पाऊण तास आम्ही फक्त त्या पानावर बोललो. माझे गुण ६१ टक्के होते, ते कोणी विचारलेही नाहीत.

तर किंमत आहे का, याचं उत्तर हे असं. इथे शेवटची दारोदार जनगणना १९७१ साली झाली. लोकांनी खासगीपणावरून इतका विरोध केला की नंतर ती बंदच पडली. आता सरकारी नोंदवह्या एकमेकींना जोडून जनगणनेचे तक्ते काढतात. पण आवडनिवड, तब्येत, घरकाम कोण करतं, हे कोणत्याच नोंदवहीत नसतं, त्याला सर्व्हेच लागतो. आणि सर्व्हेला उत्तर देणारे दरवर्षी कमी होऊन राहिले. कोणाला वेबवर गाठायचं, कोणाला फोन करायचा, कोणाच्या दारात माणूस पाठवायचा, आणि न दिलेल्या उत्तरांची भरपाई गणितात कशी करायची, यावर लोकांचं आयुष्य जातं. माझी चार वर्षं त्यातच गेली. डेटा सायन्सवाले मोठा डेटा आणतात, पण त्या डेटात कोण नाही, हे विचारणारा माणूस त्यांनाही लागतो.

हा विषय आपल्याकडे परका नाही. साताऱ्याकडचे पां. वा. सुखात्मे लंडनला जाऊन १९३६ मध्ये नमुना-निवडीवर पीएचडी करून आले, आणि पुढे पिकाचा अंदाज शेतातून नमुन्याने कसा काढायचा, ते भारतात बसवलं. पीक कापणी प्रयोग म्हणतात ना, तोच. विदर्भातल्या प्रत्येक घरात पैसेवारी, म्हणजे गावातल्या पिकाचा सरकारी अंदाज, पन्नासच्या खाली का वर, यावरून भांडण होतं, पण तो आकडा शेतात आखलेल्या कापणीच्या चौकोनातून येतो हे किती जणांना माहीत असतं? सांख्यिकीतज्ज्ञ महालनोबिसांनी १९५० मध्ये राष्ट्रीय नमुना सर्वेक्षण सुरू केलं, त्याचं कार्यालय आपल्या नागपुरातही आहे. त्या सर्वेक्षणाचा घरनिहाय डेटा सांख्यिकी मंत्रालयाच्या साइटवर फुकट मिळतो. मेल-बिल नंतर. आधी तो उतरवून घे, एक प्रश्न घे, दोन महिने त्याच्याशी झटापट कर. गुणक, म्हणजे वेट्स (नमुन्यातलं एक घर किती घरांच्या वतीने बोलतं तो आकडा), न लावता एकदा आणि लावून एकदा तोच तक्ता काढ. दोन्हींत फरक का पडला ते पानभर लिही. हे पान तुझ्या गुणपत्रिकेपेक्षा जड आहे.

आता देश. लोक आधी देश ठरवतात आणि मग विषय शोधतात. उलटं कर. अमेरिकेत सर्व्हेचं काम फार जुनं आणि पक्कं आहे, मिशिगन विद्यापीठ आणि मेरीलँड ही दोन नावं लक्षात ठेव. तिथे पीएचडीला पाच-सहा वर्षं लागतात, पहिली दोन वर्षं कोर्स आणि परीक्षा. पाया कच्चा वाटत असेल तर ते बरंच. ब्रिटनमध्ये साउथॅम्प्टन. जर्मनीत मानहाइम. तिथे पगार आहे, पण करार अर्धा, पाऊण की पूर्ण, हे जाहिरातीत नीट वाच. "६५ टक्के पद" म्हणजे पगारही तेवढाच, कामाचा मात्र भरोसा नाही. नेदरलँडमध्ये पीएचडी ही सरळ नोकरी आहे. चार वर्षांचा करार, सुरुवातीला महिन्याला तीन हजार युरोच्या आसपास, करपूर्व, दरवर्षी वाढतो. वर सुट्टीचा भत्ता ८ टक्के. फी नाही, जीआरईची प्रवेशपरीक्षा नाही. जागेची जाहिरात निघते आणि तू नोकरीसारखा अर्ज करतेस. ॲकॅडमिकट्रान्सफर या साइटवर आठवड्यातून एकदा बघत जा. मेरी क्युरी या युरोपीय संघाच्या योजनेतल्या जागा निघाल्या तर त्याही बघ. त्यांची मोठी अट अशी की ज्या देशात जायचं तिथे मागच्या तीन वर्षांत बारा महिन्यांहून जास्त राहिलेली नसावीस. तू तर गोंदियाच्या पलीकडे गेली नाहीस, तुझा प्रश्नच नाही.

नोकरी म्हटल्यावर नोकरीच. पहिल्या वर्षाच्या शेवटी "पुढे चालू की इथेच थांबायचं" असं मूल्यमापन होतं आणि ते नावापुरतं नसतं. माझ्याबरोबर लागलेला एक मुलगा तिथेच थांबला. हुशार होता, पण गाइडशी सूर जुळला नाही आणि सात महिने त्याने कोणाला सांगितलं नाही. आपल्याकडे "सर म्हणतील तसं" हा संस्कार. इथे तू गप्प बसलीस तर सरांना वाटतं की हिला काही अडचणच नाही. म्हणून अर्ज करण्याआधी त्या गाइडच्या हाताखालच्या दोन मुलांना मेल कर आणि विचार: किती दिवसांनी भेटतात, मसुदा किती दिवसांत वाचून देतात, मागचे किती जण पूर्ण करून बाहेर पडले. गोड गोड उत्तर आलं तर तिसऱ्याला विचार.

भावाचं गणित वेगळं आहे. तुला लॅपटॉप आणि डेटाची परवानगी मिळाली की काम सुरू होतं. त्याला प्रयोगशाळा लागते, फ्लूम, म्हणजे पाण्याच्या प्रवाहाचे प्रयोग करायची लांब पन्हळ, लागतं, तंत्रज्ञ लागतो, आणि बऱ्याचदा पैसा एखाद्या कंपनीचा असतो. तेव्हा त्याने विचारायचं की निकाल छापायला कंपनीची परवानगी लागेल का आणि पेटंट निघालं तर कोणाचं. ब्रिटनला जायचं म्हटलं तर अभियांत्रिकीच्या बऱ्याच शाखांत संशोधनासाठी व्हिसाआधी एटास नावाचं मंजुरीपत्र घ्यावं लागतं, त्याला वेळ लागतो, तो धरून चालावं. पेपरांचंही तसंच. त्यांच्याकडे वर्षाला दोन-तीन निघतात, सांख्यिकीत एकेका पेपरला दोन वर्षं जातात. तो पुढे गेला असं वाटून जीव जाळू नकोस.

पण तुमचे दोघांचे विषय तुला वाटतात तितके लांब नाहीत. १९५३ साली ३१ जानेवारी आणि १ फेब्रुवारीच्या मधल्या रात्री इथे नेदरलँडमध्ये समुद्र बांध फोडून आत आला, १,८३६ माणसं गेली. त्यानंतर बांध किती उंच बांधायचा, हे ठरवताना इंजिनिअरांच्या बरोबरीने व्हॅन डँट्सिग नावाचा गणिती बसवला. त्याने हिशेब असा मांडला: बांध वाढवायचा खर्च एका पारड्यात, पूर येण्याची शक्यता गुणिले नुकसान दुसऱ्या पारड्यात. त्यातून हॉलंडच्या मध्यभागासाठी दहा हजार वर्षांत एकदा येईल अशा पाण्याचा निकष आला. आता आपलं बघ. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे नागपुरातला अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरलं, हे तुम्ही डोळ्यांनी पाहिलंय. तो पाऊस किती वर्षांत एकदा येणारा होता? जुन्या नोंदींवरून काढलेला तो आकडा बदलत्या पावसात अजून खरा आहे का? पाणी तुंबलेल्या घरांचं नुकसान कोणी नमुना घेऊन मोजलं का, का मिळतील तेवढे फॉर्म भरले? पहिले दोन प्रश्न त्याचे, तिसरा तुझा. त्याला सांग, इथल्या डेल्फ्टच्या तंत्रविद्यापीठातल्या प्रोफेसरला "मला जलव्यवस्थापनात रस आहे" असं लिहू नको, अंबाझरीचं लिही.

मेलचं तेच. "रिस्पेक्टेड सर, आय ॲम हार्डवर्किंग" असले मेल त्यांना रोज येतात, उघडतही नाहीत. पाच ओळी पुरे: तू कोण, त्यांचा कोणता पेपर वाचलास आणि त्यात कुठे अडलीस, तू काय करून पाहिलंस, ते पान सोबत जोडलंय, जागा निघणार आहे का. महिन्यात शंभर नको, सहा पाठव.

कागदांत मी स्वतः फसले ते सांगते. माझ्या जन्मदाखल्यावर माझं नावच नव्हतं! आईवडिलांचं होतं, तारीख होती, माझ्या नावाची जागा कोरी. त्या काळी बारसं व्हायच्या आधी नोंद व्हायची आणि मग परत कोणी जायचं नाही. इथे जन्मदाखला अपोस्टिलसकट, म्हणजे परदेशात चालणाऱ्या सरकारी शिक्क्यासकट, मागतात. नाव चढवायला मला एका कार्यालयाच्या अकरा चकरा पडल्या, दर वेळी साहेब जेवायला गेलेले. तुमच्या दोघांचे दाखले आजच कपाटातून काढा. पासपोर्ट, दहावीची सनद आणि दाखला, तिन्हींवर वडिलांचं नाव एकाच स्पेलिंगचं आहे का बघा. विद्यापीठाची ट्रान्स्क्रिप्ट दोन-तीन प्रती काढून ठेवा.

पैसे: पगार असला तरी पहिला पगार हातात येईपर्यंत महिना-दीड महिना जातो. तिकीट, घराचं डिपॉझिट, पहिलं भाडं धरून अडीच-तीन हजार युरो जवळ असावेत. घर हा इथला खरा ताप. पगाराचा तिसरा हिस्सा ते निम्मा भाड्यात जातो, आणि ज्या पत्त्यावर नोंदणी करू देत नाहीत तिथे राहून उपयोग नाही, कारण नोंदणीशिवाय नागरिक क्रमांक मिळत नाही आणि त्याच्याशिवाय पुढचं सगळं अडतं. घर न बघता कोणालाही पैसे पाठवू नकोस, मालक कितीही सज्जन वाटो. आरोग्य विमा सक्तीचा. डॉक्टर तापाला पॅरासिटामॉल सांगून घरी पाठवतात, तेव्हा आपल्या डॉक्टरकडून लागतील ती औषधं चिठ्ठीसकट आण. खाण्यापिण्याचं विचारलंस, त्याचं काही नाही, सगळं मिळतं. सावजी मसाला तेवढा आण.

आणि डच शीक. ऑफिसात इंग्रजी चालतं, पण प्रश्नावली डचमध्ये असते. "तुम्ही मागच्या आठवड्यात काम केलं का" या वाक्याचे तिथल्या म्हातारीला काय काय अर्थ लागतात, ते तिच्याशी बोलल्याशिवाय कळत नाही. मला हे दुसऱ्या वर्षी उमगलं, उशीर झाला.

पीएचडीचा शेवटचा दिवस, तोंडी परीक्षेचा, मात्र मजेचा. काळ्या झग्यातले प्राध्यापक समोर, माझ्या बाजूला साडी नेसलेल्या दोन मैत्रिणी, प्रश्नांवर प्रश्न. पाऊण तास झाला की घुंगरांची काठी घेऊन एक बाई येते, काठी आपटते आणि लॅटिनमध्ये "होरा एस्त", म्हणजे वेळ संपली, असं म्हणते. बोलत असलेलं वाक्यही अर्धंच राहतं. बाबा नागपुरातून व्हिडिओवर बघत होते. त्यांनी आईला विचारलं, "ही चोपदारीण कोण?"

परत येण्याचं: परदेशातल्या पीएचडीला आपल्याकडे मान्यता मिळते, पण समकक्षतेची कागदपत्रं लागतात. यूजीसीच्या २०१८ च्या नियमांत जागतिक क्रमवारीतल्या पहिल्या पाचशे विद्यापीठांच्या पीएचडीला सहायक प्राध्यापकपदासाठी थेट पात्र धरलंय. नियम बदलत राहतात, तेव्हा विद्यापीठ निवडताना ते तपासून घे. मी परत का नाही आले, हे तू विचारलं नाहीस, पण तुझ्या आईने विचारलंय. त्याचं फोनवर सांगीन, ते लिहायचं नाही.

रविवारी तुमच्या रात्री नऊला फोन कर, इथे साडेपाच वाजलेले असतील. भावालाही बसव. आणि त्याआधी ते वेट्सचं पान पाठव, कच्चं असलं तरी चालेल.