आधी कळी उघडून बघ

प्रिय,
अनेक आशीर्वाद.

तुझा पीएचडीचा आराखडा दोनदा वाचला. हरभऱ्याच्या उष्णता-सहनशीलतेवर काम करायचं ठरवलंस, याचा मला मनापासून आनंद झाला. पण एक गोष्ट खटकली आणि ती आत्ताच लिहायला हवी, कारण तिसऱ्या वर्षी लक्षात आली तर फार महाग पडते. पंधरा दिवसांची रोपं ४२ अंशांच्या चेंबरमध्ये सहा तास ठेवायची, पानातून आरएनए (कोणती जनुकं किती चालू आहेत ते सांगणारा रेणू) काढायचा, उष्णतेने जास्त चालू झालेल्या जनुकांपैकी एक निवडायचं आणि ते झाडात सतत चालू ठेवायचं, असा तुझा बेत आहे. शेतात हरभरा पंधराव्या दिवशी तापत नाही गं. तेव्हा थंडी असते.

सोयाबीन उशिरा निघालं, वाफसा लांबला, पेरा डिसेंबरच्या शेवटावर गेला, की ऊन पिकाला गाठतं ते फुलोऱ्यात. मराठवाड्यात अशी रानं मी कितीतरी पाहिली. बांधावरून सगळं हिरवं दिसतं. खाली बसून फांदी उलटी केली की फुलगळीची रिकामी देठं दिसतात, आणि जे थोडे घाटे धरलेत ते चिमटीत दाबले तर आत दाणाच नसतो, पोचट. "फूल लागलं, पण घाटा धरला नाही," एवढंच शेतकरी म्हणतो. तुझा प्रश्न त्या वाक्यात आहे. पान तगलेलं असतं, बिघाड फुलात झालेला असतो.

फुलात तरी कुठे? यावर झालेला एक प्रयोग मला फार आवडतो. दिवसा ३५ आणि रात्री २० अंशांत वाढवलेल्या झाडांत आयसीसी ५९१२ या वाणाचे परागकण वांझ झाले, आयसीसी १२०५ चे टिकले. मग ५९१२ च्या त्याच तापलेल्या फुलांच्या कुक्षीवर, म्हणजे पराग झेलणाऱ्या टोकावर, थंडाव्यात वाढलेल्या झाडाचे पराग टाकले, तर ते नीट रुजले. म्हणजे त्या तापमानाला मादीचा भाग शाबूत होता, दगा दिला तो परागाने. अशी अदलाबदल करायला चिमटा, ब्रश आणि सूक्ष्मदर्शक पुरतो. सिक्वेन्सिंगला, म्हणजे आरएनएचा क्रम वाचायला, नमुने पाठवण्याआधी तुझ्या वाणांवर हे कर.

मी हे केलं नव्हतं. पानाच्या चकत्या गरम पाण्यात ठेवायच्या, पेशींतून क्षार किती झिरपतात ते मोजायचं आणि वाणांना क्रमांक द्यायचे, यात माझे दोन हंगाम गेले. आकडे देखणे आले होते. खळ्यावर वजन केलं तेव्हा त्या क्रमवारीचा उत्पादनाशी काही मेळ बसेना. पेशीचं पटल किती टिकतं हे मोजणं चुकीचं नाही, पण मी ते भलत्याच अवयवात मोजत होते.

फूल हाताळताना एक ध्यानात ठेव. हरभऱ्यात पाकळ्या उमलण्याआधीच आतल्या आत परागण उरकलेलं असतं. उमललेलं फूल तोडून आणलंस तर गाडी निघून गेलेली असते. बंद कळी घे, सुईने पाकळी बाजूला कर. दहा पुंकेसर दिसतील, नऊ एकत्र जोडलेले आणि एक सुटा. एक परागकोश काचपट्टीवर ॲसिटोकार्मिन या लाल रंगाच्या थेंबात फोड. जिवंत पराग टपोरे आणि लालसर दिसतात, मेलेले सुरकुतलेले आणि फिके. रंग धरला म्हणजे पराग रुजेलच असं मात्र नाही. म्हणून साखर आणि बोरिक आम्ल घातलेल्या माध्यमावर परागनलिका निघते का तेही पाहा. आणि परागाची घडण उमलण्याच्या कित्येक दिवस आधी सुरू होते, तेव्हा कळ्यांना तारखेचे दोरे बांध. आज वांझ निघालेल्या परागाला ऊन आज लागलेलं नसतं.

आता रेणूंकडे येऊ. एरवी एचएसपी ७० आणि ९० ही इतर प्रथिनांना सांभाळणारी प्रथिनं एचएसएफ-ए१ या जनुकं चालू करणाऱ्या प्रथिनाला धरून ठेवतात. उष्णतेने पेशीतली प्रथिनं उलगडायला लागली की ती तिकडे धावतात, एचएसएफ-ए१ मोकळा होतो, त्याचे तीन तीन रेणू जुळून केंद्रकात जातात आणि उष्णतेला तोंड देणारी हीट शॉक जनुकं सुरू करतात. एचएसपी १०१ गुठळ्या झालेली प्रथिनं सोडवतं. अरॅबिडॉप्सिस या प्रयोगशाळेतल्या नेहमीच्या छोट्या वनस्पतीच्या ज्या रोपांत ते नाही, त्यांना आधी सौम्य ऊब देऊन सवय लावली तरी पुढचा कडक ताव सोसत नाही. हे सगळं तू पाठ केलं असशील. पण यातलं बरंचसं कोवळ्या रोपांत आणि पानांत शोधलेलं आहे. अनेक पिकांत पिकलेला पराग हा प्रतिसाद फार दुबळा देतो. त्यात परागाला पोसणारं टॅपेटमचं अस्तर अवेळी मोडलं, किंवा परागकोशात साखर कमी पोचली, तर पराग उपाशीच राहतो. पानातल्या आरएनएत हे तुला दिसणार कुठून?

म्हणून जनुक सतत चालू ठेवण्याचा बेत सोड. डीआरईबी या ताणाच्या वेळी इतर जनुकं चालू करणाऱ्या गटातल्या जनुकांच्या बाबतीत हे करून पाहिलंय, झाडं खुजी राहिली. प्रमोटर, म्हणजे जनुकाचं बटण, असा निवड की तो परागकोशात आणि ताणाच्या वेळीच जागा होईल.

शेतातल्या चाचणीबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण इथे भलेभले फसतात. हैदराबादजवळ पाटणचेरूला इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय पीक-संशोधन संस्थेमध्ये हरभरा मुद्दाम फेब्रुवारीत पेरून फुलोरा उन्हात आणतात. पद्धत चांगली आहे. पण उशिराच्या पेऱ्याला दिवसही मोठा मिळतो आणि हरभरा मोठ्या दिवसाला लवकर फुलतो. मग एखादा वाण ऊन सोसतोय की ऊन वाढायच्या आत उरकून घेतोय? जेजी १४ हा उष्णतेसाठी निवडलेला नावाजलेला वाण लवकर येणाराही आहे. शेतकऱ्याला दोन्ही उपयोगाचं, पण जनुक शोधणारीने या दोन गोष्टींची गल्लत केली तर शोध फुलण्याच्या वेळेच्या जनुकावर जाऊन थांबतो. वेळेवर पेरलेल्या वाफ्यावर फुलोऱ्यात प्लॅस्टिकचा तंबू उभारून ताप दे आणि दोन्ही चाचण्या ताडून पाहा. तंबूत दमटपणा वाढतो, त्याची नोंद ठेव. पाणी तोडू नकोस. तहानलेल्या झाडाची पर्णरंध्रं मिटतात, ते हवेपेक्षाही तापतं, आणि तू दुष्काळ मोजत बसशील. इन्फ्रारेड तापमापी रोज झाडावर धर, हवेचा आकडा पुरत नाही.

आयसीसी ४५६७ आणि आयसीसी १५६१४ यांच्या संकरातून पाचव्या आणि सहाव्या लिंकेज ग्रुपवर (एकत्र वारशाने येणाऱ्या जनुकांच्या गटांवर) उष्णता सोसण्याशी जोडलेले डीएनएचे पट्टे सापडलेत. जनुकाची निवड तिथून कर. २०१३ पासून हरभऱ्याचा जीनोम, म्हणजे सगळ्या डीएनएचा आराखडा, हाताशी आहे, त्यात २८ हजारांवर जनुकं आहेत, चेंबरमधल्या धक्क्याने त्यातली शेकडो हलणारच. पट्ट्यातलं जे जनुक परागकोशात, योग्य दिवशी, दोन वाणांत वेगळं वागतं, ते घे.

आराखडा बदलायला मार्गदर्शक नाराज होतील अशी भीती तू लिहिलीस. त्यांना कळ्यांचे फोटो दाखव, वांझ आणि जिवंत शेजारी शेजारी. आमच्या रानात यंदा मुद्दाम डिसेंबरअखेरचा एक पट्टा पेरायला सांगितलाय. फुलोरा आला की कळवते. सकाळी उजाडायच्या आत पोच, दोरे आणि काचपट्ट्या घेऊन ये. सूक्ष्मदर्शक माझ्याकडे आहे.

तुझी,
बाई