मोनो संच घेण्यापूर्वी

टिळकवाडी, बेळगाव

चिरंजीवास अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे निपाणीहून पाठवलेले पत्र पोचले. वर्षभराच्या पगारातून साठवलेली सगळी शिल्लक बीटल्स या इंग्लंडच्या चौघांच्या बँडच्या २०१४ च्या मोनो एलपी संचावर, म्हणजे लाँग-प्ले तबकड्यांच्या संचावर, घालावी का, असे तू विचारले आहेस. तो संच दुकानात नवा मिळत नाही, जुन्या बाजारात त्याची किंमत चढत चालली आहे आणि आता सोडला तर पुन्हा हाती लागणार नाही, ही तुझी धास्ती मला समजते, कारण अशा धास्तीपोटी मीही पूर्वी बरीच पदरमोड केली आहे. तरीही माझे उत्तर आधीच सांगून टाकतो: इतक्यात घेऊ नकोस. संच वाईट आहे म्हणून नव्हे. त्या चौदा तबकड्यांत काय आहे आणि कशामुळे आहे, हे कानाला कळण्याआधी तो घरात आला तर तो कपाटातच राहील, म्हणून.

मोनोमध्ये सगळे संगीत एकाच आवाजात असते, स्टिरिओमध्ये डाव्या-उजव्या दोन आवाजांत वाटलेले असते; म्हणून मोनो म्हणजे स्टिरिओची गरीब आवृत्ती, असे समजणारा चुकतो हे तुला ठाऊक आहे. पण मोनो म्हटले की ते अस्सलच, असे धरून चालणाराही तितकाच चुकतो, आणि संच जमवणाऱ्यांमध्ये हा दुसरा प्रकार मला अधिक भेटतो. आवरणावर मोनो असे छापलेले पाहिले की एकच गोष्ट विचारावी: हा मोनो मिक्स, म्हणजे गळे आणि वाद्ये यांचे हे एकत्रीकरण, त्या काळी कोणी स्वतंत्रपणे बसून केला होता, की तयार स्टिरिओचे दोन भाग एकत्र ओतून तो बनवला? पहिल्या प्रकारात वाद्यांचा आणि गळ्याचा तोल एकाच आवाजासाठी, कानाने ठरवलेला असतो. दुसऱ्या प्रकारात तो तोल कोणीच ठरवलेला नसतो; दोन्ही बाजूंना सारखा असलेला मधला आवाज बेरजेत आपोआप वर येतो आणि कडेची गिटार मागे पडते. अशा रेकॉर्डसाठी जादा पैसे मोजण्यात काही अर्थ नाही.

१९६० च्या दशकात इंग्लंडमध्ये तरुण पोरांच्या घरी एका स्पीकरचा प्लेअर असे, सिंगल, म्हणजे एकेका गाण्याच्या छोट्या तबकड्या, मोनो असत आणि रेडिओही बहुतांशी मोनोच होता; म्हणून खरी मेहनत मोनो मिक्सवर होई. बीटल्सची पहिली एलपी पाहा. ११ फेब्रुवारी १९६३ या एका दिवसात तिच्यातली दहा गाणी टेपच्या दोन ट्रॅकवर, म्हणजे दोन वेगळ्या पट्ट्यांवर, मुद्रित झाली, एका ट्रॅकवर गळे आणि दुसऱ्यावर वाद्ये. हे दोन ट्रॅक दोन कानांसाठी नव्हतेच. पुढे एकत्र करताना गळा किती वर ठेवायचा हे ठरवता यावे, एवढ्यासाठी ते वेगळे होते. त्याचीच स्टिरिओ आवृत्ती ऐकताना गायक एका कोपऱ्यात आणि ढोलकरी दुसऱ्या कोपऱ्यात उभा असल्यासारखे वाटते, ते यामुळे. १९६७ च्या ‘सार्जंट पेपर’ या अल्बमचे मोनो मिक्सिंग बीटल्सच्या चौघांच्या देखरेखीखाली झाले, स्टिरिओ मात्र त्यांचे निर्माते जॉर्ज मार्टिन आणि ध्वनिमुद्रक जेफ एमेरिक यांनी नंतर त्यांच्या गैरहजेरीत थोडक्या दिवसांत उरकला. दोन्ही शेजारी ठेवून त्यातले ‘शीज लीव्हिंग होम’ ऐकलेस, तर मोनोमध्ये ते गाणे थोडे जलद आणि वरच्या स्वरात आहे, आणि स्टिरिओमध्ये तेच संथ व जड वाटते, हे कोणी सांगायची गरज राहणार नाही. उलट १९६८ च्या पांढऱ्या आवरणाच्या अल्बममधले ‘हेल्टर स्केल्टर’ मोनोमध्ये विरत जाऊन संपते, आणि त्यांचा ढोलकरी रिंगो याची बोटांना फोड आल्याची आरोळी ऐकायची असेल तर तुला स्टिरिओकडेच जावे लागते. ‘ॲबी रोड’ आणि ‘लेट इट बी’ या त्यांच्या शेवटच्या अल्बमांचे तर स्वतंत्र मोनो मिक्स झालेच नाहीत, म्हणून ते त्या मोनो संचात नाहीत, आणि ते नसणे मला त्या संचाच्या प्रामाणिकपणाचे लक्षण वाटते.

रोलिंग स्टोन्स या दुसऱ्या इंग्लिश बँडच्या २०१६ च्या मोनो संचाबद्दल मला असे सरसकट म्हणता येत नाही. त्यांचे सुरुवातीचे काम लंडनच्या रीजंट साउंड या लहानशा स्टुडिओत झाले आणि ते मोनोमध्येच ऐकावे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण त्याच संचात १९६९ चा ‘लेट इट ब्लीड’ आहे, आणि तो स्टिरिओची बेरीज करून बनवलेला मोनो आहे. संच पुरा दिसावा म्हणून तो घातला असावा, असा माझा समज. अमेरिकन गायक बॉब डिलनचा २०१० चा मोनो संच मात्र १९६२ ते १९६७ या काळातल्या आठ अल्बमांवर थांबतो, आणि तिथे थांबणे योग्यच होते. गिटारवादक जिमी हेंड्रिक्सचा ‘ॲक्सिस’ हा अल्बम मी तुला मोनोमध्ये घ्यायला सांगणार नाही. आवाज एका कानाकडून दुसऱ्या कानाकडे फिरवणे हाच जिथे खेळ आहे, तिथे तो खेळ काढून घेऊन काय उरणार?

आता तुझ्या यंत्राकडे वळतो, कारण तुझ्या पत्रातली एक ओळ मला खटकली. ‘‘मोनो रेकॉर्ड लावली की आवाज खोलीभर पसरतो, पण खर्ज कुठे जातो कळत नाही,’’ असे तू लिहिले आहेस. मोनो आवाज पसरता कामा नये. दोन स्पीकरांच्या बरोबर मध्ये बसलास तर गायक समोरच्या भिंतीवर, दोन्हींच्या मधोमध, एका जागी उभा राहिला पाहिजे.

पॉलिटेक्निकमध्ये इलेक्ट्रॉनिक्स शिकवण्यात माझा जन्म गेला, तरी ही चूक मी स्वतः केली आहे. ऐन आषाढात, दिवसातून दोनदा वीज जात असताना, मी बॅटरीच्या उजेडात नवा कार्ट्रिज, म्हणजे सुईची थरथर विजेत बदलणारा तुकडा, बसवला. त्याच्या मागे चार बारीक पिना असतात: पांढरी आणि निळी डाव्या बाजूची, तांबडी आणि हिरवी उजव्या बाजूची. माझ्या तारांचे रंग मळले होते आणि तांबडी-हिरवी यांची अदलाबदल झाली. पंधरा दिवस मी तसाच ऐकत राहिलो, खर्ज नाही म्हणून नव्या छपाईला नावे ठेवत राहिलो. मग एका रात्री सुईची खरखर कमी करावी म्हणून ॲम्प्लिफायरचे मोनो बटण दाबले आणि गाणेच नाहीसे झाले. गळा गेला, गिटार गेली, मागे उरली ती चुरमुऱ्याच्या भट्टीत वाळू तडतडावी तशी तडतड. मी बटण सोडले, पुन्हा दाबले. पुन्हा तेच.

त्या तडतडीने मला मोनो जितका शिकवला तितका मी वर्गात कधी कोणाला शिकवू शकलो नव्हतो. मोनोच्या खोबणीत संगीत फक्त आडवे, डावीकडे-उजवीकडे कोरलेले असते. स्टिरिओच्या खोबणीत दोन भिंती दोन आवाज वाहतात, आणि त्या दोघांमधला फरक सुईला वर-खाली हलवतो. मोनो रेकॉर्डवर सुई वर-खाली हलली, तर ती संगीतामुळे नव्हे. धूळ, चरे आणि तबकडीचा खडबडीतपणा यांच्यामुळे. माझ्या उलट्या तारेने आडवे संगीत दोन्ही बाजूंनी एकमेकांना खोडत होते आणि नको असलेले तेवढे शिल्लक राहत होते. तारा सरळ केल्यावर तेच बटण उलटे काम करते, म्हणजे संगीत ठेवते आणि त्या कचऱ्यातला मोठा भाग टाकून देते. म्हणून महागडा मोनो कार्ट्रिज घेण्यापूर्वी मोनो बटण असलेला एखादा जुना ॲम्प्लिफायर मिळतो का ते पाहा. नव्या यंत्रांत ते बटण बहुधा नसते. काही जण तुला जाड, २५ मायक्रॉनची मोनो सुई घ्यायला सांगतील. त्या काळातल्या मूळ छपाईच्या तबकड्यांसाठी ती ठीक आहे, परंतु आताच्या पुनर्मुद्रणाची खोबण आधुनिक कटिंग यंत्रावर कोरलेली असते आणि तिला नेहमीची १८ मायक्रॉनची सुई उत्तम चालते. आजोबांच्या मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या तबकड्यांची सुई मात्र ६५ मायक्रॉनच्या आसपासची असते. ती चुकूनही एलपीवर ठेवू नकोस.

आणखी एक प्रयोग कर, त्याला खर्च नाही. एक स्पीकर काढून ठेव आणि दुसरा टेबलावर समोर ठेवून ऐक. सांगली आणि धारवाड आकाशवाणीवर गाणी ऐकत आमची पिढी वाढली, ती रेडिओच्या एका खोक्यातूनच. नाट्यगीत असो की भजन, गायकाच्या मागे तबला आणि तबल्याच्या मागे पेटी अशी खोली त्या एका स्पीकरातही ऐकू येत असे. मोनोमध्ये डावे-उजवे नसते, जवळचे-लांबचे मात्र असते. ते ऐकू येऊ लागले की कोणता संच घ्यायचा हे मला विचारावे लागणार नाही.

त्यामुळे पहिली खरेदी म्हणून मी तुला बीच बॉइज या अमेरिकन बँडचा १९६६ चा ‘पेट साउंड्स’, तोही मोनोमध्ये, सुचवतो. त्या बँडचा गीतरचनाकार ब्रायन विल्सन याला उजव्या कानाने जवळजवळ ऐकू येत नसे आणि त्याने तो अल्बम मोनो म्हणूनच रचला. त्याचा खरा स्टिरिओ मिक्स लोकांच्या हाती पडायला १९९७ उजाडावे लागले. ही एकच रेकॉर्ड आहे, संच नाही, आणि ती मिळणे अवघड नाही. त्यानंतर बीटल्सच्या २०१४ च्या मोनो एलपी त्या वेळी सुट्याही विकल्या गेल्या होत्या, त्यांपैकी ‘रिव्हॉल्व्हर’ किंवा ‘सार्जंट पेपर’ कोणी विकत असेल तर शोध. त्या तबकड्या मूळ टेपवरून, मध्ये कुठेही डिजिटल टप्पा न आणता, लंडनच्या ॲबी रोड स्टुडिओत कोरल्या गेल्या, म्हणून त्यांचा बोलबाला आहे. २०१२ च्या स्टिरिओ एलपी डिजिटल प्रतीवरून केल्या होत्या, हा फरक विकणारे पुष्कळदा सांगत नाहीत. सगळेच एकदम हवे असेल तर २००९ चा तेरा सीडींचा मोनो संच आहे. अलीकडच्या पद्धतीप्रमाणे आवाज दाबून मोठा करण्याचा प्रकार त्यात केलेला नाही, आणि तुझ्या शिलकीचा थोडाच भाग त्याला लागेल. फक्त त्या संचाच्या बनावट प्रतीही बाजारात फिरतात, तेव्हा अगदी स्वस्त मिळत असेल तर हात आखडता घे.

जुना संच घेताना खोक्याच्या फोटोवर समाधान मानू नकोस. विकणाऱ्याकडून प्रत्येक तबकडीचा, शेवटच्या गाण्यानंतरच्या मोकळ्या पट्टीवर कोरलेल्या क्रमांकासह, स्पष्ट फोटो मागव. मला एकदा एका संचात मोनोच्या आवरणात स्टिरिओ तबकडी घातलेली मिळाली, आणि ते माझ्या लक्षात आले तेव्हा परत करण्याची मुदत उलटून गेली होती. सोबतचे पुस्तक आहे का, तेही विचार. परदेशातून मागवलास तर कुरियर आणि सीमाशुल्क धरून हिशेब कर, नाहीतर स्वस्त पडलेला संच महागात पडतो.

आपल्याकडचा पावसाळा हा तर वेगळाच शत्रू. निपाणीला तुमच्याकडे तुलनेने कोरडे असते. इथे बेळगावात जूनपासून सप्टेंबरपर्यंत भिंती घाम टाकतात, आणि खानापूरच्या बाजूला तर विचारूच नकोस. जाड पुठ्ठ्याचे खोके ओल धरते आणि तबकड्यांना बुरशी येण्याआधी आवरणांना येते. बाहेरच्या भिंतीला लागून असलेल्या लोखंडी कपाटात संच ठेवू नकोस. तबकड्या उभ्या ठेव, आतल्या कागदी पिशव्या काढून प्लॅस्टिकचे अस्तर असलेल्या घाल, आणि ऊन पडेल त्या दिवशी खोके उघडून खोलीत वारा खेळू दे, मात्र प्रत्यक्ष उन्हात मुळीच नको, नाहीतर तबकडीचा पापड होतो.

पैसे तूर्त बँकेतच असू देत. पुढच्या रविवारी सवड असेल तर सकाळच्या बसने ये आणि तुझा हेडशेल, म्हणजे सुई आणि कार्ट्रिज बसवलेले प्लेअरच्या दांड्याचे टोक, काढून, कापसात गुंडाळून, डब्यात घालून आण. तुझ्या तांबड्या आणि हिरव्या तारा नेमक्या कुठे लागल्या आहेत ते पाहू. चिमटा आणि भिंग माझ्याकडे आहे.

तुझा,
काका