आधी जुनी खोकी

चि. ..., अनेक आशीर्वाद.

उन्हाळ्यात उत्तर इंग्लंडमधल्या जुन्या रोमन सरहद्दीवर, हेड्रियनच्या भिंतीजवळ, उत्खननाच्या नव्या चरात उतरायचं, की त्याच सरहद्दीवरच्या एका जुन्या, कधीच न छापलेल्या उत्खननाची खोक्यांत पडून असलेली खापरं पीएचडीसाठी घ्यायची, हा तुझा पेच. 'खोकी घेतली तर मी कारकून होईन,' असंही लिहिलंयस. मग हो कारकून. या विषयात कारकुनांचीच वानवा आहे. खणायला हौशी माणसं पदरचे पैसे भरून येतात.

छापलं नाही तर खणलं नाही, एवढंच मला सांगायचं आहे. थर एकदा उपसला की परत रचता येत नाही. नोंद, छेदचित्र (चराच्या उभ्या भिंतीत दिसणाऱ्या थरांचं रेखाटन) आणि अहवाल नसेल तर आपल्यात आणि चोरट्यांत फरक उरतो तो परवान्याचा.

भिंतीजवळच्या विन्डोलांडा या रोमन किल्ल्याच्या नावानं तू भारावली आहेस. तिथल्या शाईनं लिहिलेल्या लाकडी पट्ट्या पहिल्यांदा १९७३ मध्ये निघाल्या. उघड्यावर येताच अक्षरं पुसट झाली आणि इन्फ्रारेड फोटोंतून वाचावी लागली. बोमन आणि टॉमस या अभ्यासकांचं वाचन पुस्तकरूपात यायला १९८३ उजाडलं. मधली दहा वर्षं कोणी फोटो काढायला येत नाही, बाई.

पुरातत्त्वज्ञ मॉर्टिमर व्हीलरसाहेबांवर हवे तेवढे आक्षेप घे. पण वेल्समधला सेगोंटियमचा रोमन किल्ला खणलेल्या या माणसानं १९४५ मध्ये पुदुच्चेरीजवळचं प्राचीन बंदर अरिकामेडू खणलं आणि १९४६ मध्ये अहवाल लोकांच्या हाती दिला. इटलीतल्या लाल, तकतकीत ॲरेटाइन भांड्यांवरून त्यांनी तिथल्या थरांना तारखा लावल्या. पुढे पुरातत्त्वज्ञ विमला बेग्ली यांनी तो कालक्रम आणखी मागे नेला. नेता आला, कारण खोडायला छापलेलं काहीतरी समोर होतं.

आता खोक्यांकडे ये. पहिले काही दिवस एकाही खापरीचा काळ ठरवायचा नाही. पिशवीवरचा थर-क्रमांक नोंदवहीशी ताडून बघ. जुन्या चिठ्ठ्यांची शाई उडते, पिशव्या फाटतात आणि कोणीतरी दोन थर एकत्र ओतून ठेवलेले असतात. जुळत नाही ते वेगळं काढ, अंदाजानं जुळवू नकोस. मग काठाचा कण पकडीनं मोडून ताजी कड वीसपट भिंगाखाली धर आणि मातीतले वाळूचे, चुन्याचे कण बघ. मळक्या जुन्या कडेवरून मातीचा पोत ठरवणारे लोक नंतर तोंडघशी पडतात.

मोजणी तीन तऱ्हांनी कर: नग, वजन आणि काठ. नुसते नग मोजलेस तर पातळ पेले जास्त दिसतात, कारण ते फुटून तुकडे पुष्कळ होतात. नुसतं वजन केलंस तर तेला-दारूचे जाड रांजण, म्हणजे ॲम्फोरे, सगळ्यांना झाकून टाकतात. म्हणून काठ वर्तुळांच्या तक्त्यावर ठेवून व्यास बघ आणि पूर्ण वर्तुळाचा किती भाग हाती आहे ते लिही. १५ टक्के असेल तर ०.१५. एका प्रकारच्या सगळ्या काठांची बेरीज कर. हे कंटाळवाणं आहे, हे मला सांगू नकोस.

तारीख लावताना घाई नडते. रोमन सेनापती मार्क अँटनीनं इ.स.पू. ३२-३१ मध्ये सैन्यासाठी पाडलेली हलक्या चांदीची नाणी तिसऱ्या शतकापर्यंत फिरत होती. नाणं सापडलं म्हणजे थर त्या सालानंतरचा, इतकंच. किती नंतरचा, ते खापरं सांगतात. दक्षिण इंग्लंडमधल्या डॉर्सेटच्या काळ्या स्वयंपाकाच्या भांड्यांवर जाळीच्या रेघा असतात. दुसऱ्या शतकात त्यांचा कोन लघु, तिसऱ्या शतकात विशाल होत जातो. हा कोन लिहून ठेवायला अर्धा मिनिट लागतो, आणि तरी अर्ध्या नोंदींत तो नसतो! रेखाटन प्रत्यक्षाएवढं कर: छेद डावीकडे, बाहेरचं अंग उजवीकडे. छपाईत ते एक चतुर्थांश होईल, म्हणून रेघ जाड ठेव.

मलाही 'गोदामातलं झुरळ' म्हणत. म्हणोत. नव्या खड्ड्यांची हौस आमच्या पिढीनं भरपूर केली आणि न लिहिलेला ढीग तुमच्यावर टाकला, त्याची खंत मला आहे. हट्टाची नाही. छापलं नाही तर खणलं नाही.

नोकरीचं म्हणशील तर इंग्लंडमध्ये १९९० नंतर बांधकामाआधी होणाऱ्या उत्खननांचा खर्च बहुतेक वेळा बांधणाऱ्यानंच करायचा असतो. त्या कंपन्यांना चर काढणारे मिळतात, खापरांचा काळ सांगणारे शोधावे लागतात. लॅटिनच्या जोडीला जर्मन शीक. जर्मनीतल्या रोमन सरहद्दीचं छापील काम तिच्या अभ्यासासाठी नेमलेल्या १८९२ च्या लिमेस आयोगापासून चालत आलंय आणि फारसं काही इंग्रजीत आलेलं नाही.

होकार देण्याआधी मात्र तीन गोष्टी विचार. मूळ नोंदवही आहे का? छेदचित्रं आहेत का? प्रसिद्ध करायची परवानगी लेखी मिळेल का? यांतलं एक जरी 'नाही' आलं तर खोक्यांना हात लावू नकोस, खुशाल उन्हाळ्यात चरात उतर. तिथेही रोज संध्याकाळी, जेवणाआधी, त्या दिवशीच्या थरांची नोंद पुरी कर.