पैसे भरण्याआधी एक फ्लँज काढून बघा

प्रश्न : मुलगी मेकॅनिकल डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. भोसरीतले एक फॅब्रिकेशनवाले तिला सुट्टीत ड्रॉइंगचं काम देतायत, पैसेही देणार आहेत. ऑटोकॅड या ड्रॉइंगच्या सॉफ्टवेअरचं वर्षाचं भाडं आम्हाला झेपणार नाही. ओळखीतला एकजण क्रॅक टाकून देतो म्हणतो. काय करावं? – एक पालक, चिंचवड

उत्तर : नमस्कार. दुसऱ्याच वर्षाला मुलगी खऱ्या कामाला हात घालतेय, याचा मला फार आनंद झाला. म्हणूनच क्रॅकचा विषय आजच बंद करा. पहिलंच काम चोरीच्या सॉफ्टवेअरवर नको.

शिकण्यासाठी ऑटोकॅड विकत घ्यावंच लागत नाही. ते बनवणारी ऑटोडेस्क कंपनी विद्यार्थ्यांना ते मोफत देते. शिकत असल्याचा पुरावा लागतो आणि दरवर्षी नूतनीकरण करावं लागतं. चाकणच्या नोकऱ्यांसाठी ते तिला यायलाच हवं. मात्र ही सवलत फक्त शिक्षणापुरती आहे, पैसे घेऊन केलेल्या कामाला ती चालत नाही.

त्या कामासाठी आधी लिब्रेकॅड बघा. पूर्ण मोफत, फक्त टू-डी, साध्या लॅपटॉपवरही चालतं. ते डीडब्ल्यूजी या ऑटोकॅडच्या मूळ फाईल प्रकारात सेव्ह करत नाही, डीएक्सएफ या देवाणघेवाणीच्या फाईल प्रकारात करतं. लेझर कटिंगला डीएक्सएफ चालते, त्यामुळे तिथे अडणार नाही. फॅब्रिकेशनवाले डीडब्ल्यूजीच मागत असतील तर झेडडब्ल्यूकॅड किंवा ब्रिक्सकॅड. दोन्हींचं एकदाच पैसे भरून कायमचं लायसन्स मिळतं, ट्रायलही मोफत आहे. थ्रीडी लागलं तर फ्रीकॅड आहेच, तेही फुकट.

निवड मात्र जाहिरात बघून करू नका. फॅब्रिकेशनवाल्यांकडून एखादी जुनी फाईल मागून घ्या, सहा भोकांची फ्लँज (पाईप जोडायची गोल चकती) असली तरी पुरे. ती नव्या सॉफ्टवेअरमध्ये उघडली की व्यासाच्या खुणेच्या जागी प्रश्नचिन्ह येतं का, हॅच (कापलेला भाग दाखवणाऱ्या तिरक्या रेघा) गायब होतं का, डायमेन्शनचे म्हणजे मापांचे सुटे तुकडे होतात का, हे मुलीला बघू दे. मग तीच फ्लँज तिने नव्याने काढून त्यांच्याकडे पाठवावी आणि त्यांच्या मशीनवर उघडून घ्यावी. युनिट नक्की तपासा. मिलिमीटरची फाईल समोर इंचात उघडली तर १०० मिमीची फ्लँज २५.४ पट मोठी होते, आणि पत्रा कापला गेल्यावर ते कळून उपयोग नसतो. शेवटी एकास एक (१:१) स्केलने प्रिंट काढून पट्टीने मोजा.

फर्स्ट अँगल प्रोजेक्शन (वस्तूच्या बाजू कागदावर मांडायची पद्धत) आणि टॉलरन्स (मापात चालणारा फरक) तिचे पक्के असतील तर सॉफ्टवेअर बदललं तरी तिचं अडणार नाही. ट्रायलची मुदत संपायच्या आत ही चाचणी उरका, तोवर कुणालाही पैसे देऊ नका.