अमेरिकेच्या नेब्रास्का राज्यातील चेरी काउंटी (जिल्ह्यासारखा प्रशासकीय विभाग) एवढी विस्तीर्ण असूनही तिथे वस्ती इतकी विरळ का आहे?

याचे मूळ कारण तिथल्या जमिनीत आहे. सुमारे 15,500 चौरस किलोमीटरच्या, म्हणजे कनेक्टिकट राज्याहून मोठ्या, या काउंटीचा बहुतांश भाग ‘सँडहिल्स’ या गवताने धरून ठेवलेल्या वाळूच्या टेकड्यांनी व्यापलेला असून, 2020 च्या जनगणनेत तिची लोकसंख्या साडेपाच हजारांच्या आसपासच होती. पावसाचे पाणी वाळूत झपाट्याने मुरते. खाली ओगलाला या भूगर्भातील जलधराचा (पाणी साठवणाऱ्या थराचा) मोठा साठा असला, तरी नांगरट केली की गवताचे आच्छादन जाते आणि वाळू उडू लागते.

मूळच्या लाकोटा या आदिवासी लोकांच्या या प्रदेशात 1880 मध्ये फोर्ट नायोब्रारा ही लष्करी छावणी उभी राहिली, 1883 मध्ये काउंटी स्थापन झाली आणि लोहमार्गावरील व्हॅलेंटाइन हे तिचे मुख्यालय झाले. 1862 च्या होमस्टेड कायद्याने वसाहतकारांना मिळणाऱ्या 160 एकर सरकारी जमिनीवर इथे कुटुंबाचा निर्वाह होणे कठीण होते, म्हणून 1904 च्या किंकेड कायद्याने 640 एकर देऊ केले. त्यातूनच 1907 च्या सुमारास कृष्णवर्णीय कुटुंबांनी नॉर्थ लूप नदीकाठी डेविटी ही वसाहत वसवली, जिचा उल्लेख या काउंटीच्या इतिहासात आवर्जून व्हायला हवा. पुढे शेती परवडेना, अनेकांनी जमिनी विकल्या आणि त्या मोठ्या पशुपालकांच्या कुरणांत सामावल्या गेल्या.