नवरा चांगला असूनही जुन्या कथांमधल्या बायका सुखी का नसतात?

तुमचा प्रश्न वाचून आधी हसू आलं, कारण वीस वर्षांपूर्वी मी पण अगदी हेच विचारलं असतं. तुम्ही म्हणता नवरा मारत नाही, पीत नाही, पैसे घरात आणून देतो, मग ह्या बायकांना झालंय काय आणि सोडून का नाही जात.

तर गोम तिथेच आहे. नवरा राक्षस दाखवला असता तर गोष्ट सोपी झाली असती, आपण म्हणालो असतो बिचारीला स्थळ चुकीचं मिळालं आणि पान उलटलं असतं. चांगल्या लेखकांनी मुद्दाम नवरा बरा ठेवलाय, म्हणजे मग दोष कुणाच्या गळ्यात घालायचा हे आपल्याला बसून शोधावं लागतं.

केट शोपँ ह्या अमेरिकन लेखिकेची 'द स्टोरी ऑफ ॲन अवर' ही कथा घ्या, १८९४ ची. एवढीशी आहे, दादर सुटल्यावर मोबाईलवर उघडली तर कुर्ला यायच्या आत संपते. लुईस नावाची बाई, हृदय कमजोर, नवरा रेल्वे अपघातात गेल्याची बातमी तिला जपून जपून सांगतात. ती रडते, अगदी मनापासून रडते, मग खोलीत जाऊन दार लावून उघड्या खिडकीसमोर खुर्चीत बसते. बाहेर झाडांना पालवी फुटलीये, खाली कोणी फेरीवाला ओरडतोय, चिमण्या आहेत, आणि हळूहळू तिच्या तोंडून शब्द येतो तो मोकळी, मोकळी. नवऱ्याने तिच्याकडे कधी प्रेमाशिवाय पाहिलेलं नाही हे तिला माहितीये, त्याचं प्रेत बघून पुन्हा रडू येणार हे पण माहितीये, फक्त पुढची सगळी वर्षं आपली एकटीची हे तिला पहिल्यांदा दिसतं. आणि तेवढ्यात नवरा किल्लीने दार उघडून आत! तो अपघाताच्या जवळपास पण नव्हता. ती तिथेच जीव सोडते, आणि डॉक्टर म्हणतात आनंदाने गेली.

कॉलेजात वाचली तेव्हा मला ही बाई निष्ठुर वाटली होती. मग आमचे दादरचे काका गेले. देवमाणूस, खोटं नाही सांगत, काकूला कधी आवाज चढवून बोलले नाहीत. पण त्यांना सर्दीचा त्रास, म्हणून रानडे रोडकडची खिडकी एकतीस वर्षं रात्रीची बंद, काकू आतल्या भिंतीला, घामाघूम. तेराव्याची भाड्याची भांडी अजून परत गेली नव्हती आणि काकूने माझ्या मदतीने खाट ओढत खिडकीशी आणली, दोन्ही फळ्या उघडल्या आणि तिथे झोपली. डोळे सुजलेले होते तिचे. दोन्ही खरं होतं, रडणं पण आणि ती खिडकी पण.

टागोरांची 'स्त्रीर पत्र' (१९१४) मला तर शोपँपेक्षा जवळची वाटते. मृणाल पुरीहून नवऱ्याला पत्र लिहिते, लग्नाला पंधरा वर्षं झाली आणि हे पहिलंच पत्र. खाण्यापिण्याचं, कपड्यालत्त्याचं काही कमी नव्हतं असं ती स्वतःच सांगते. ती चोरून कविता करायची आणि त्या घरात पंधरा वर्षांत कोणाला पत्ता नाही! बिंदू नावाची पोरकी मुलगी आश्रयाला येते, तिचं लग्न वेड्याशी लावून देतात, ती जीव देते, आणि मग मृणालला दिसतं की ह्या घरात बाईची किंमत किती ते. ती मरत मात्र नाही, परत जायचं नाही ठरवते. म्हणून आवडते मला.

शार्लट पर्किन्स गिलमन ह्या दुसऱ्या अमेरिकन लेखिकेच्या 'द यलो वॉलपेपर' (१८९२) मधला नवरा तर डॉक्टर, बायकोला विश्रांती हवी म्हणून लिहायला बंदी, सगळं कसं प्रेमाने. गिलमनला स्वतःला डॉक्टरने असाच सल्ला दिला होता, लेखणीला हात लावायचा नाही म्हणून. मोपासाँ ह्या फ्रेंच लेखकाची 'नेकलेस' ही कथा मात्र मी ह्या यादीत धरणार नाही, तिथे लेखक बायकोच्या हौसेलाच शिक्षा करतो असं मला वाटतं, आणि बंदुकीसाठी साठवलेले चारशे फ्रँक तिच्या ड्रेससाठी देणारा नवरा बिचारा ठरतो.

आता सोडून का नाही गेल्या. अहो ह्याच मुंबईच्या हायकोर्टाने १८८७ मध्ये रखमाबाईंना सांगितलं होतं की नवऱ्याकडे नांदायला जा नाहीतर सहा महिने कैद, आणि त्या म्हणाल्या कैद चालेल (पुढे डॉक्टर झाल्या त्या). अकराव्या वर्षी लागलेलं लग्न होतं ते. तिकडे शोपँ वगैरे लिहीत होत्या तेव्हा इकडे हे चाललं होतं.

वाचायला सुरुवात शोपँपासून करा, पाच मिनिटांचं काम. काकूला मी ती भाजी निवडता निवडता मराठीत सांगितली होती. नवरा जिवंत परत येतो तिथे काकूचा हात थांबला, म्हणाली, "म्हणजे आता हातपाय धुऊन चहा मागणार."