पाचव्या दिवशी जास्त दुखतंच, म्हणून औषध मध्येच थांबवू नका

ताई, आधी एक सांगते, घाबरू नका. तुम्ही लिहिलंय की टॉन्सिल काढून पाच दिवस झाले, तिसऱ्या दिवशी मुलगी खेळायला लागली म्हणून सिरप बंद केलं आणि आता कान दुखतो म्हणून रडते, पाणीसुद्धा घेत नाही. अगदी हेच आमच्याकडे झालेलं. माझ्या मुलाचं ऑपरेशन सातव्या वर्षी झालं, आम्ही गोव्यात साखळीला राहतो, दोन दिवस पोरगा एकदम मस्त, आम्हाला वाटलं सुटलो, आणि मग पाचव्या-सहाव्या दिवशी रात्रभर रडारड.

कानात इन्फेक्शन असेलच असं नाही, घशाची आणि कानाची नस एकच असल्यामुळे घशातलं दुखणं कानात जाणवतं. घशात पांढरा-पिवळा थर दिसेल, तोंडाला वासही येईल, ती खपली आहे, पू नाही. ती साधारण पाच ते दहा दिवसांत सुटते आणि तेव्हाच दुखणं परत वाढतं. दुखलं की मूल गिळत नाही, गिळलं नाही की घसा कोरडा पडून आणखी दुखतं, असं ते चक्र आहे.

म्हणून रडायची वाट न बघता घड्याळ लावून औषध द्यायचं. पॅरासिटामॉल वजनावर असतं, किलोला १० ते १५ मिलिग्रॅम, दोन डोसांत कमीत कमी चार तास, आम्हाला दर सहा तासांनी सांगितलेलं, रात्री उठवूनसुद्धा. आणि बाटली बघा हां! आमच्या घरात १२० वालं (म्हणजे पाच एमएलला १२० मिलिग्रॅम) जुनं सिरप होतं, डॉक्टरांनी लिहिलेलं २५०, मी पाच एमएल पाच एमएल म्हणत जुन्यातूनच देत राहिले, म्हणजे दिवसभर अर्धाच डोस, चूक माझीच. उलटंही होऊ शकतं, कॉम्बिफ्लॅमसारख्या सिरपमध्ये पॅरासिटामॉल आधीच असतं, त्यावर वेगळं पॅरासिटामॉल दिलं तर डबल होतं. आयबुप्रोफेन काही सर्जन देतात काही नाही, तुमच्या सर्जनला फोन करून विचारा. ॲस्पिरिन, कोडीन, ट्रॅमाडॉल नाहीच, आणि निमेसुलाइड तर आपल्याकडे २०११ पासून बारा वर्षांखालच्या मुलांना बंद आहे, तरी कुणाच्या ना कुणाच्या कपाटात असतंच.

औषध दिल्यावर अर्धा-पाऊण तासाने खायला-प्यायला द्या, तेव्हाच जातं. ग्लास हातात देऊ नका, बघूनच तोंड फिरवतात, दर दहा मिनिटांनी दोन चमचे. आमच्याकडे शहाळ्याचं पाणी, कोमट पातळ पेज आणि थंड केलेलं नाचणीचं तिजन (पातळ खिरीसारखं) चाललं. सोलकढी नको, आंबट झोंबतं (मी हौसेने दिली आणि पोरगा किंचाळला). आइस्क्रीम चालतं पण लाल रंगाची कँडी नको, उलटी झाली तर रक्त की रंग कळत नाही. सासूबाई हळद-मिठाच्या गुळण्या करायला सांगत होत्या, डॉक्टर म्हणाले खळखळून गुळण्या अजिबात नाही. तेव्हा नेमकी चवथ (गणेश चतुर्थी) होती, समोर नेवऱ्यांचा (करंज्यांचा) डबा, शेवटी आतलं सारण दुधात कालवून चमच्याने भरवलं.

आता सिरियस गोष्ट. खपली सुटायच्या याच दिवसांत रक्त येऊ शकतं. ताजं लाल रक्त थुंकीत किंवा उलटीत दिसलं, किंवा झोपेत सारखी गिळत असेल तर वाट बघू नका, मुलीला बसवून ठेवा, रक्त थुंकू द्या आणि थेट हॉस्पिटल, जवळ काही नसेल तर १०८ लावा, आमच्या गोव्यात बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) रात्रीही इमर्जन्सी चालू असते. आठ तासांत लघवी नाही, ओठ सुकलेत, मूल सुस्त पडलंय तरी जायचं, सलाइन लावावं लागतं कधी कधी.

तुमचं लिहिणं वाचून मला त्या पाणी न पिण्याचीच जास्त काळजी वाटते. आत्ता डोस द्या, पाऊण तासाने चमच्याने सुरू करा, आणि शेवटची लघवी कधी केली ते आठवून इथे लिहा.